जुना स्कॉटिश मॅन्स घेताना: आधी बागेची भिंत वाचा

पर्थशायरमधला जो जुना मॅन्स, म्हणजे चर्चच्या मिनिस्टरचं (धर्मगुरूचं) घर, तुम्ही दोघांनी पाहून ठेवला आहे, त्याबद्दल तुमचे तीन प्रश्न आहेत. घर पुढून इतकं नीटस आणि मागे एवढा पसारा, ही मांडणी अशी का? पश्चिमेकडच्या भिंतीची ओल कशी घालवायची? आणि बागेच्या दगडी भिंतीचा एक तुकडा पाडून दोन गाड्यांपुरती जागा काढता येईल का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देते. भिंत पाडू नका. परवानगीचा मुद्दा आहेच, त्याबद्दल पुढे लिहिते, पण माझं कारण वेगळं आहे. मॅन्समध्ये बाग ही घराला मागाहून जोडलेली शोभा नसते. राहतं घर, मागचं आवार, बाग आणि लागून असलेली शेतजमीन हे सगळं एका माणसाच्या चरितार्थासाठी, कायद्याच्या आधाराने, एकत्र आखलेलं असतं. त्यातली भिंत काढली की मागच्या निम्म्या खोल्या कशासाठी होत्या हेच कळेनासं होतं. मग त्या खोल्या 'निरुपयोगी' ठरतात, पाडल्या जातात, आणि शेवटी रस्त्याकडे तोंड करून उभी एक देखणी पेटी उरते. अशा जुन्या दगडी घरांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा क्रम मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

मांडणी समजून घ्यायची तर पैसे कोणी दिले इथून सुरुवात करावी लागते. १५६० च्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये गावच्या चर्चचा प्रमुख म्हणजे मिनिस्टर, लग्न झालेला, मुलाबाळांचा धनी असा माणूस झाला. त्याने आपल्या पॅरिशमध्येच, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतच, राहावं अशी अपेक्षा होती. त्याच्या घराचा भार पडला पॅरिशमधल्या जमीनदारांवर. त्यांना हेरिटर म्हणत. १६६३ च्या कायद्याने हे पक्कं केलं: जिथे धड मॅन्स नाही तिथे हेरिटरांनी तो बांधून द्यायचा, आणि त्याची किंमत ५०० मर्कपेक्षा (मर्क हे जुनं स्कॉटिश नाणं) कमी नको, १००० स्कॉट पौंडांपेक्षा जास्त नको. बारा स्कॉट पौंडांचा एक इंग्लिश पौंड, या हिशेबाने वरची मर्यादा सुमारे ८३ पौंड भरते. पुढच्या शतकात प्रत्यक्ष खर्च याच्या कितीतरी पुढे गेला, पण कमीत कमी खर्चात भागवायची हेरिटरांची ओढ काही सुटली नाही.

दुसऱ्या बाजूला होती प्रेस्बिटरी, म्हणजे आसपासच्या पॅरिशांच्या मिनिस्टरांची आणि चर्चच्या वडीलधाऱ्यांची सभा. मॅन्सबद्दल तक्रार आली की ही मंडळी गवंडी आणि सुतार बरोबर घेऊन घर तपासायला जात, दुरुस्तीचा अंदाज काढून घेत, आणि काम पुरं झालं की मॅन्स 'फ्री' असल्याचं जाहीर करत. एकदा ते जाहीर झालं की नेहमीच्या देखभालीचा खर्च मिनिस्टरच्या खिशातून. म्हणजे बांधणारा एक, राहणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा. तुमच्या घराची पुढची भिंत जरा जवळून बघा. कोपऱ्याचे चिरे आणि खिडक्यांच्या कडांचे दगड घडीव, दरवाज्याभोवती थोडी नक्षी. मागे वळलात की अनगड दगड आणि खिडक्या जमेल तिथे. हेरिटरांचा पैसा कुठे संपला ते त्या कोपऱ्यावर सरळ दिसतं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ज्या साच्यात बहुतेक मॅन्स बांधले गेले तो साधा आहे: दोन मजले, तीन खणांचं तोंड, मधोमध दार, दोन्ही टोकांच्या गेबल, म्हणजे त्रिकोणी माथ्याच्या, भिंतींवर धुराडी. आत शिरल्यावर समोर जिना, एका हाताला जेवणाची खोली, दुसऱ्या हाताला बैठक. वर निजायच्या खोल्या, आणि बऱ्याच घरांत दाराच्या बरोबर वर, मधल्या खिडकीची लहानशी अभ्यासिका. ही खोली लहान म्हणून तिला कमी लेखू नका. मिनिस्टर नुसती प्रवचनं लिहीत नसे. चर्चच्या स्थानिक मंडळाचा, म्हणजे कर्क सेशनचा, तो अध्यक्ष. बाप्तिस्मा आणि लग्नांच्या नोंदी, गावातल्या गरिबांना द्यायची मदत, शाळेची देखरेख, सगळं त्याच्या टेबलावरून जाई. १७९० च्या दशकात सर जॉन सिंक्लेअर यांनी साऱ्या देशाची पॅरिशवार माहिती गोळा केली, तीही मिनिस्टरांकडूनच लिहवून घेतली. त्या मजकुरात बऱ्याच जणांनी आपल्या मॅन्सची अवस्था नोंदवली आहे. तुमच्या पॅरिशचं पान नक्की काढून वाचा.

याहून जुनं काही पाहायचं असेल तर फाइफच्या किनाऱ्यावर अॅन्स्ट्रदर ईस्टरला जा. तिथला मॅन्स जेम्स मेलव्हिल या मिनिस्टरने १५९० मध्ये बांधून घेतला. इंग्रजी एल अक्षरासारखा आराखडा, उंच अंग, जाड भिंती. आजही उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या मॅन्सपैकी तो एक. तीन खणांचा शांत साचा अजून यायचा होता, तेव्हा मिनिस्टरचं घर लहानशा गढीच्या अंगाने बांधलं जात होतं हे तिथे डोळ्यांना कळतं. उलट टोक बघायचं तर आयोना बेटावर. १८२३ च्या कायद्याने सरकारने हायलँड्स आणि बेटांवरच्या चर्चसाठी ५०,००० पौंड मंजूर केले आणि काम थॉमस टेल्फर्डकडे आलं, तोच रस्ते आणि पूल बांधणारा अभियंता. एका ठिकाणच्या चर्च आणि मॅन्सला मिळून १,५०० पौंडांची मर्यादा होती. त्यामुळे त्याने ठरावीक नमुने केले: मॅन्सचा एक एकमजली, एक दुमजली. ३२ चर्च आणि चाळीसहून जास्त मॅन्स या नमुन्यांवर उभे राहिले. आयोनाचा मॅन्स त्यातलाच आहे, आणि आता तिथे बेटाच्या इतिहासाचं प्रदर्शन असतं. सरकारी नमुना म्हणून नाक मुरडू नये. वाऱ्यापावसाला तोंड देणारी इतकी नेटकी छोटी घरं स्कॉटलंडमध्ये फार थोडी आहेत.

आता मागच्या पसाऱ्याकडे येऊ, कारण तुमचा खरा गोंधळ तिथे झाला आहे.

मिनिस्टरला घराबरोबर जमीन मिळे. तिला ग्लीब म्हणतात. आपल्याकडे देवस्थानच्या पुजाऱ्याला इनाम जमीन असे, तशीच ही समजा: मालकी त्याची नाही, पण पदावर असेतो उत्पन्न त्याचं. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ग्लीबचं कायदेशीर माप चार एकर पिकाऊ जमीन असं होतं. शिवाय एक घोडा आणि दोन गायी यांच्यापुरतं गवताळ रान, आणि ते देता आलं नाही तर वर्षाला २० स्कॉट पौंड. त्यात भर म्हणजे १८०८ पर्यंत मिनिस्टरच्या वेतनाचा मोठा हिस्सा कित्येक पॅरिशांत धान्यातच येई. बार्ली आणि ओटचं पीठ. १८०८ च्या कायद्यानंतर त्याची किंमत त्या वर्षीच्या जाहीर धान्यदराने पैशांत मिळू लागली.

एवढं कळलं की मागचं आवार आपोआप उलगडतं. घोड्यासाठी तबेला. गायींसाठी गोठा. ग्लीबचं पीक आणि वेतनाचं धान्य ठेवायला कोठार, त्यावर माळा. उत्तरेच्या अंगाला, ऊन लागणार नाही अशा जागी, दूधदुभत्याची खोली. गाडीसाठी उघड्या तोंडाचा मांडव. कोंबड्यांचं खुराडं, सरपण, शौचकूप. हे सगळं तीन बाजूंनी बसवलं आणि चौथ्या बाजूला घराची मागची भिंत आली की झालं आवार. त्याला इथे 'ऑफिसेस' म्हणतात. विक्रीच्या जाहिरातीत तो शब्द वाचून तुम्हाला कचेरी वाटली असेल तर तसं काही नाही. तुम्ही 'पडका तबेला' लिहिलं आहे, पण पाठवलेल्या फोटोत डावीकडे रुंद तोंडाची, दार नसलेली जी जागा दिसते ती गाडीचा मांडव असणार. तिच्यासमोर आवारात शिरायचा रस्ताही दिसतो आहे. तुमच्या दोन गाड्यांची जागा तिथे आहे, घर बांधलं तेव्हापासून आहे. बागेच्या भिंतीला हात लावायची गरजच नाही.

बागेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घर विकत घेणारे बागेकडे शेवटी बघतात.

घर, ऑफिसेस आणि बाग मिळून साधारण अर्धा एकर असा जुना दंडक होता. एवढ्याशा जागेत वर्षभराची भाजी, फळं, औषधी झाडं आणि फुलं पिकवायची म्हणून बाग काटेकोर असे. दक्षिणेकडे उतरती जमीन निवडायची, भोवती भिंत किंवा दाट कुंपण, मधोमध एकमेकांना छेदणाऱ्या दोन पायवाटा आणि त्यामुळे पडलेले चार वाफे. वाफ्यांत केल, कोबी, लीक, बटाटे. वाटांच्या कडेने फुलांची पट्टी, आणि तिच्या मागे गूजबेरी, ब्लॅककरंट, रास्पबेरीची झुडपं. फुलं एकीकडे, भाजी दुसरीकडे अशी विभागणी फारशी नसे. बैठकीच्या खिडकीतून दिसावी आणि स्वयंपाकघरातून सुरी घेऊन दोन मिनिटांत पोचता यावं, अशी दोन्ही कामं ती एकच बाग करी.

आता भिंत. तिचं काम वारा अडवणं एवढंच नाही. दक्षिणेकडे तोंड असलेली दगडी भिंत दिवसभर ऊन साठवते आणि रात्री सोडते, त्यामुळे तिला टेकून वाढवलेल्या नासपतीला किंवा प्लमला उघड्यावरच्या झाडापेक्षा चांगलाच जास्त उबारा मिळतो. पर्थशायरमध्ये याचं महत्त्व आणखी, कारण टे नदीकाठचा कार्स ऑफ गौरी हा सखल पट्टा शतकानुशतकं सफरचंदं आणि नासपतीसाठी नावाजलेला आहे. 'ब्लडी प्लाउमन' हे गर्द लाल सफरचंद तिथलंच. तुम्ही पुन्हा जाल तेव्हा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळ नाक लागेल इतक्या जवळ उभे राहा आणि दगडांमधल्या सांध्यांवरून बोट फिरवा. गंजलेले, बोथट, आखूड लोखंडी खिळे हाताला लागतील, कुठे रांगेत, कुठे पंख्यासारखे पसरलेले. फांदी कापडाच्या किंवा चामड्याच्या पट्टीने गुंडाळायची आणि ती पट्टी खिळ्याने सांध्यात ठोकायची, अशी झाडं भिंतीला बांधायची जुनी रीत होती. खिळे कुठवर आहेत त्यावरून कुठे फळझाड होतं, किती पसरलं होतं हे सांगता येतं. भिंत स्वच्छ करायच्या उत्साहात कोणी ते उपटून सांधे सिमेंटने भरले, की बागेचा हा सगळा आराखडा पुसला जातो.

आणखी एक पाहा. उतारावरच्या बागेत खालच्या बाजूची भिंत बहुधा बुटकी असते, किंवा तिथे भिंतीऐवजी कुंपण नाहीतर फाटक असतं. थंड हवा जड असते, ती उताराने खाली वाहते. खाली उंच भिंत असेल तर ती तिथे तुंबते आणि वसंतात आलेला मोहोर एका रात्रीत करपतो. तुम्ही 'खालची भिंत अर्धवट पडलेली आहे, ती उंच करून घेऊ' असं लिहिलं आहे. आधी नीट बघा. वरचे बंद दगड, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर उभे बसवलेले, जागेवर असतील तर ती पडलेली नाही, तेवढीच बांधलेली आहे.

भिंतीच्या बाहेर पश्चिम आणि नैर्ऋत्येला मोठी झाडं असतील: सिकॅमोर, बीच, लाइम, कदाचित अॅश. भिंतीला धडकून वारा वरून उसळतो आणि आत भोवरे घेतो, त्याची धार आधीच बोथट करायला ही रांग लागते. दफनभूमीच्या अंगाला यू वृक्ष असू शकतो. एडिंबराच्या कॉलिंटनमधल्या मॅन्सच्या बागेतला यू तुम्हाला जवळच आहे. तिथे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे आजोबा लुईस बाल्फोर १८२३ पासून १८६० पर्यंत मिनिस्टर होते आणि लहानपणी स्टीव्हन्सन त्या झाडाखाली खेळला. त्याच्या आठवणींत ती बाग बीचच्या उंच कुंपणाने वेगवेगळ्या भागांत कापलेली आहे, आणि वरून चर्च आणि दफनभूमीची गच्ची तिच्याकडे बघते आहे. मॅन्सच्या बागेचं असं नेमकं चित्र क्वचितच सापडतं. त्याच कॉलिंटनमध्ये १७८३ पासून जॉन वॉकर मिनिस्टर होते, जे एडिंबरा विद्यापीठात निसर्गेतिहासाचे प्राध्यापकही होते. मॅन्सची बाग आणि विज्ञान यांचं नातं जुनं आहे.

पण माझ्या मनात घर करून बसलेली बाग आहे डमफ्रीसशायरमधल्या रथवेलची. तिथल्या चर्चमध्ये आठव्या शतकातला, सुमारे साडेपाच मीटर उंचीचा कोरीव दगडी क्रॉस होता. १६४० मध्ये चर्चच्या महासभेने अशा मूर्तिकामाविरुद्ध ठराव केला आणि पुढे दोन वर्षांत तो फोडला गेला. तुकडे तिथेच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री डंकन तिथे मिनिस्टर होता, ज्याने १८१० मध्ये गावकऱ्यांसाठी बचत बँक काढली आणि नंतर वाळूच्या खडकातली प्राचीन प्राण्यांची पावलं अभ्यासली तोच. त्याने तुकडे जमवले, गायब भागाच्या जागी नवा दगड घडवून घेतला आणि १८२३ मध्ये क्रॉस मॅन्सच्या बागेत उभा केला. १८८७ मध्ये तो खास बांधलेल्या भागात चर्चच्या आत हलवला गेला. ब्रिटनमधल्या सर्वांत मोलाच्या शिल्पांपैकी एक साठहून जास्त वर्षं एका मिनिस्टरच्या बागेत, त्याच्या राखणीत होतं. बाग 'फक्त बाग' नसते असं मी म्हणते तेव्हा मला हेच म्हणायचं असतं.

तुमचा मॅन्स मूळ पॅरिशचा आहे की फ्री चर्चचा, हेही ठरवून घ्या, कारण त्यावर बागेकडून काय अपेक्षा ठेवायची ते अवलंबून आहे. जमीनदाराने मिनिस्टर नेमावा की मंडळीने, या वादातून १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड दुभंगलं आणि साडेचारशेच्या वर मिनिस्टर आपली चर्च, घरं आणि वेतन सोडून बाहेर पडले. त्यांचं वेगळं चर्च ते फ्री चर्च. त्यांच्यासाठी टॉमस गथ्री या मिनिस्टरने १८४५-४६ मध्ये देशभर फिरून मॅन्स निधी गोळा केला, जवळजवळ १ लाख १६ हजार पौंड. म्हणून कितीतरी गावांत दोन-दोन मॅन्स दिसतात. या फुटीची धग मुंबईपर्यंत पोचली होती: तिथले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूने गेले, त्यांनी आपल्या शाळेची इमारत जुन्या चर्चला सोडून दिली आणि शिक्षणाचं काम दुसरीकडे चालू ठेवलं. आजचं विल्सन कॉलेज त्याच धाग्यातलं. फ्री चर्चच्या मॅन्सला कायदेशीर ग्लीब नसे आणि जमीन मिळेल तिथे घ्यावी लागे, त्यामुळे बाग लहान, आवार आटोपशीर, आणि शेजारी जुनी दफनभूमी बहुधा नाही. तुमच्या वर्णनात दफनभूमीची भिंत आणि तिच्यात बुजवलेलं दार आहे. हा पॅरिशचाच मॅन्स दिसतो, आणि ते दार मिनिस्टरचं चर्चला जायचं. १९२९ मध्ये दोन मोठ्या प्रवाहांचं पुन्हा एकत्रीकरण झालं तेव्हा कितीतरी मॅन्स जादा ठरले. असे मॅन्स बाजारात येण्यामागचं ते एक मोठं कारण.

आता ओल. पश्चिमेची भिंत ओली आहे म्हटल्यावर कोणीतरी तुम्हाला भिंतीत रसायन टोचायचा सल्ला देईल, किंबहुना दिलाच असेल. नको. ही भिंत दोन पदरी आहे: आत एक, बाहेर एक, आणि मधल्या गाभ्यात लहान दगड आणि चुना. जाडी दोन फूट किंवा जास्त. अशा भिंतीत रसायनाचा सलग थर बसत नाही. ही भिंत पाणी शोषते आणि वाळते, चुन्याच्या सांध्यांतून आणि चुन्याच्या हार्लिंगमधून. हार्लिंग म्हणजे बारीक खडी मिसळलेला पातळ चुना भिंतीवर फेकून केलेला खडबडीत गिलावा. मागच्या पन्नास-साठ वर्षांत कोणी सांधे सिमेंटने भरले असतील, आणि तुमच्या फोटोत करड्या रंगाच्या उठलेल्या रेघा दिसतातच, तर पाणी बारीक भेगांतून आत जातं पण बाहेर यायला वाट राहत नाही. मग ते वाळूच्या दगडातून बाहेर पडतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. सिमेंट काढायचं, पण हातोडी-छिन्नीने, सावकाश. यंत्राची चकती फिरवली की दगडाच्या कडा जातात. नंतर चुन्याने दरजा भरायच्या, थंडीच्या आत, आणि ताजं काम ओल्या गोणपाटाखाली झाकून.

त्याआधी खाली बघा. अशा घरांत ओलीचं कारण कितीदा तरी बागेत सापडतं. फाइफमधल्या एका मॅन्समध्ये बैठकीच्या लाकडी जमिनीला बुरशी लागली होती आणि मालक भिंतीवर पैसे घालत होते. बाहेर खिडकीखाली गुलाबांचा वाफा होता. दरवर्षी खत आणि माती टाकून तो चढत गेला होता. माती बाजूला केल्यावर ओतीव लोखंडाच्या दोन जाळ्या निघाल्या, लाकडी जमिनीखाली हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या, पूर्ण गाडलेल्या. माती आतल्या फळ्यांच्या पातळीच्याही वर आली होती. तिथे वाफा भिंतीपासून सरकवला, जमीन खाली नेली, जाळ्या मोकळ्या केल्या. भिंतीवर औषध म्हणून काही लावलं नाही. तुमच्या पश्चिमेला खडी पसरलेला रस्ता आहे. ती खडी किती थरांची आहे ते कुदळीने बघून घ्या, मात्र भिंतीला लागून खोल चर खणू नका. या घरांचा पाया उथळ असतो.

वरही बघा. ओतीव लोखंडाचे पन्हळ समोरून रंगवतात, मागून गंजतात. भिंतीवर उभी हिरवी रेघ दिसली की पाइपाची पाठ फुटली म्हणून समजा. शिवाय पश्चिमेच्या सिकॅमोरची पानं पन्हळात साचतात, तेव्हा झाड कापायचा विचार करण्याआधी वर्षातून दोनदा पन्हळ साफ करायची सोय लावा. छपरावर स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, आहे. काळसर निळ्या पाटीवर पितळेसारखे चमकणारे बारीक चौकोनी दाणे दिसले तर ती बॅलाहुलिशच्या खाणीतली समजायला हरकत नाही. ती खाण १९५५ मध्ये बंद झाली, नवी पाटी मिळत नाही. खाली मोठ्या पाट्या आणि माथ्याकडे जाताना लहान, अशा उतरत्या रांगा असतात, आणि प्रत्येक पाटी वरच्या टोकाला एका खिळ्याने फळ्यांवर ठोकलेली. एकच खिळा असल्यामुळे कारागीर शेजारची पाटी बाजूला फिरवून फुटलेली काढू शकतो. म्हणजे छप्पर दुरुस्त करायलाच बांधलेलं आहे, उतरवून टाकायला नाही. काढाव्या लागल्या तर जुन्या पाट्यांचा एक तुकडाही आवाराबाहेर जाऊ देऊ नका.

आतल्या भिंतींचा गिलावा काढून दगड उघडे करायची फॅशन आहे. ती या घरात करू नका. लाकडी पट्ट्यांवर केलेला तो गिलावा दगडापासून थोडा सुटा असतो आणि मधली हवा ऊब धरते. तिथे फोमही भरू नका. खिडक्यांची लाकडी शटर्स रंगाने चिकटून बसलेली असतील ती सोडवून घ्या. हिस्टॉरिक स्कॉटलंडसाठी झालेल्या चाचण्यांत बंद शटरने एकेरी काचेतून जाणारी उष्णता सुमारे निम्म्याने कमी झाली होती. आतून दुसरी काच बसवली तर त्याहून जास्त.

परवानगीचं थोडक्यात. तुमचं घर जतन करायच्या इमारतींच्या सरकारी यादीत बी-वर्गात आहे. ही नोंद घराच्या दर्शनी भागापुरती नसते, आत-बाहेर सगळ्याला लागू असते. १ जुलै १९४८ पूर्वी त्याच आवारात बांधलेल्या भिंती, ऑफिसेस, फाटकाचे खांब, नोंदीत स्पष्टपणे वगळलेले नसतील तर तेही तिच्यात येतात. त्यांना हात लावायचा तर स्थानिक कौन्सिलची लिस्टेड बिल्डिंग संमती लागते, आणि संमतीशिवाय केलेलं काम हा गुन्हा आहे. गाव संरक्षित क्षेत्रात असेल तर झाड तोडण्याआधी सहा आठवड्यांची सूचना द्यावी लागते. कोठाराच्या माळ्यावर वटवाघळं असतील तर त्यांना स्वतंत्र संरक्षण आहे. पाहणी आधी, काम नंतर.

घराचा होम रिपोर्ट, म्हणजे विक्रीसाठीचा पाहणी अहवाल, विक्रेता देईलच, पण तो अशा घराला पुरत नाही. चुन्याच्या कामाची जाण असलेला सर्व्हेयर वेगळा नेमा. तोवर दोन कामं तुम्ही घरबसल्या करू शकता. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे फुकट बघता येतात. पर्थशायरची पहिली मोजणी १८६० च्या आसपासची आहे, आणि एका मैलाला पंचवीस इंच मापाच्या पानावर बागेतल्या पायवाटा, विहीर, ऑफिसेसची रचना आणि झाडांच्या रांगासुद्धा दिसतात. दुसरं, एडिंबरात नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये हेरिटरांची दप्तरं एचआर या मालिकेत आणि प्रेस्बिटरीची सीएच२ मध्ये आहेत. तुमच्या पॅरिशचं दप्तर टिकलं असेल तर गवंड्याचा अंदाज, दगड कुठून आणला, बागेच्या भिंतीचं माप, हे सगळं त्यात मिळण्याची चांगली शक्यता आहे.

आणि ऑफर देण्याआधी एकदा भर पावसात, नैर्ऋत्येचा वारा असताना तिथे जा. छत्री घेऊन पश्चिमेच्या भिंतीसमोर पंधरा-वीस मिनिटं उभे राहा आणि पाणी कुठून ओघळतं, खडीत कुठे साचतं ते बघा. फोटो काढा आणि मला पाठवा.